थर्माकोलवर कोणता गोंद फवारावा?

चुकीच्या डब्यातला गोंद थर्माकोलवर मारला की पहिले काही क्षण काहीच होत नाही. शीट पांढरीशुभ्र, वर गोंदाचा ओलसर थर. मग कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते आणि दाणे खाली बसायला लागतात. एकेका दाण्याची भिंत विरघळते, आतली हवा सुटते, खळगा पडतो. खळग्याची कड चकचकीत होते, बोट लावलं तर तार सुटते. थोड्याच वेळात एक इंची शीटमध्ये अंगठा जाईल एवढं भोक तयार. ‘गोंद जास्त झाला’ असं आपल्याला सांगितलं जातं. कधी ते खरं असतं, पण बहुतेक वेळा गोंदाचा दोष नसतोच. गोंद पातळ करण्यासाठी डब्यात जो द्रावक भरलेला असतो, त्याने हे केलेलं असतं. म्हणून थर्माकोलसाठी स्प्रे निवडताना खरी निवड द्रावकाची असते, आणि स्प्रे वापरताना सगळी कसरत असते ती त्या द्रावकाला वेळेवर बाहेर काढून देण्याची. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं.

हुबळी-धारवाडात ही गरज पडणारी माणसं बरीच आहेत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रात्री जागून मॉडेल करणारी मुलं आणि त्यांच्यापेक्षा जास्त जागणारे आईबाप. विद्यानगरच्या बी.व्ही.बी. कॉलेजात, म्हणजे आताच्या केएलई तंत्रज्ञान विद्यापीठात, आर्किटेक्चर शिकणारी मुलं. उणकलच्या चंद्रमौळेश्वर मंदिराची चारी बाजूंची दारं आणि कोनाकोनांत मोडणाऱ्या भिंती मॉडेलमध्ये आणायच्या तर थर्माकोलचे थरावर थर चिकटवावे लागतात. आणि एप्रिल महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बसून काम करणारा प्रत्येक गॅरेजवाला आणि प्रेसवाला, ज्याला छताखाली काहीतरी लावून ऊन अडवायचं असतं.

एक मोठा गट मात्र यातून बाद झाला आहे. गणपतीचं मखर. केंद्र सरकारने १२ ऑगस्ट २०२१ रोजी प्लास्टिक कचरा नियमांत दुरुस्ती केली आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीसाठी थर्माकोल बनवणं, साठवणं, विकणं आणि वापरणं देशभर बंद केलं. महाराष्ट्रात बंदी त्याआधीच, २०१८ मध्ये आली होती. तेव्हा मखर आता पुठ्ठा, कापड आणि बांबूचं. स्प्रे गोंद त्याही कामाला उत्तम चालतो आणि तिथे विरघळण्याची भीतीही नाही. उष्णतारोधक म्हणून किंवा पॅकिंगमध्ये वापरला जाणारा थर्माकोल या कलमात येत नाही. प्रदर्शनाचं मॉडेल आणि रंगमंचाची सजावट यांतली सीमारेषा कुठे पडते यावर वाद घालता येईल. माझं मत एवढंच की एका कार्यक्रमापुरतं लावून दुसऱ्या दिवशी फेकायचं असेल, तर थर्माकोलला हात लावू नये.

आता शीटकडे जवळून बघू. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. साखरेएवढ्या बारीक दाण्यांत पेंटेन नावाचा द्रव मुरवलेला असतो; वाफ दिली की दाणे कित्येक पट फुगतात आणि साच्यात एकमेकांना चिकटून ठोकळा तयार होतो. जर्मनीतल्या बासफ कंपनीने ही रीत १९५० च्या सुमारास बसवली. ठोकळा कापून शीट निघतात. हलक्या शीटचं वजन घनमीटरला पंधरा किलोच्या आसपास असतं, तर भरीव पॉलिस्टायरीनचं हजार किलोच्या थोडं वर. हिशोब करून बघा: पंचवीस मिलिमीटर जाडीच्या शीटमधली सगळी हवा काढून टाकली तर उरणारा प्लास्टिकचा पापुद्रा अर्धा मिलिमीटरही भरत नाही. बाकी सगळी हवा. म्हणूनच जो द्रावक भरीव प्लास्टिकच्या पट्टीवर नुसता डाग पाडेल, तोच थर्माकोलमध्ये आरपार भोक पाडतो. त्याला खायला तिथे फारसं काही नसतंच.

बाजारात या नावाखाली तीन-चार वेगळ्या वस्तू मिळतात आणि गोंद निवडण्याआधी आपल्या हातात कोणती आहे ते कळलं पाहिजे. दाणेदार पांढरी शीट ओळखीची आहे; मोडली की दाणे दिसतात. तिच्यातही हलकी आणि घट्ट असा फरक असतो. भारतीय मानक आयएस ४६७१ मध्ये उष्णतारोधक थर्माकोलच्या घनमीटरला १५ ते ३५ किलोपर्यंतच्या प्रती दिल्या आहेत. नखाने दाबल्यावर सहज खड्डा पडला तर शीट हलकी, आणि हलक्या शीटला द्रावक लवकर बाधतो. दुसरी वस्तू म्हणजे एक्सपीएस, निळी, गुलाबी किंवा करडी, दाणे नसलेली, एकसंध. हीही पॉलिस्टायरीनच, फक्त यंत्रातून दाबून काढलेली. तिसरी म्हणजे दोन्ही बाजूंना कागद लावलेला फोमबोर्ड. याच्या कागदावर पातळ फवारा निभावून जातो, पण कापलेल्या कडेला आतला फोम उघडाच असतो आणि गोंद तिथूनच आत शिरतो. चौथा सनबोर्ड. तो पीव्हीसीचा, वजनाला जड, दाबून बघितला तर टणक. त्याचे नियम वेगळे, त्यामुळे ‘मी अमुक गोंद वापरला, काही झालं नाही’ असं कोणी सांगितलं तर आधी विचारावं, सनबोर्डवर की थर्माकोलवर?

पॉलिस्टायरीनला कोण विरघळवतं, हे घरातल्या वस्तूंवरून सांगता येईल. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन, रंगाचा थिनर, ज्यात टोल्युइन आणि त्याच्या भाऊबंदांचा भरणा असतो, पेट्रोल, टर्पेंटाइन. न विरघळवणारे म्हणजे पाणी आणि स्पिरिट. यांच्या मधोमध हेक्झेन, हेप्टेनसारखे सरळ साखळीचे पेट्रोलियम द्रावक येतात. ते पॉलिस्टायरीनच्या फारसे वाटेला जात नाहीत. घरच्या घरी गंमत बघायची असेल तर नागपुरी संत्र्याची साल थर्माकोलच्या तुकड्यावर पिळा. सालीतल्या तेलात लिमोनीन असतं आणि ते थर्माकोलला सोडत नाही. जपानमध्ये तर वापरलेला थर्माकोल विरघळवून पुन्हा वापरात आणण्यासाठी याच तेलाचा उपयोग करून झाला आहे.

मग सरळ पांढरा फेव्हिकॉल का वापरू नये? त्यात तर पाणीच आहे. कागद, कापड किंवा पुठ्ठा थर्माकोलवर चिकटवायचा असेल तर जरूर वापरावा, त्याहून चांगलं आणि स्वस्त काही नाही. कागद श्वास घेतो, पाणी त्यातून निघून जातं. पण थर्माकोलवर थर्माकोल चिकटवायचा असेल तर पाणी जाणार कुठून? दोन्ही बाजूंना बंद पेशींची भिंत. कडेचा बोटभर भाग वाळतो, मधला गोंद दुधासारखा ओला राहतो. आठवड्याने जोड उकलून बघितला तरी मध्ये पांढरी ओल सापडते, धारवाडच्या पावसाळ्यात तर हमखास. स्प्रे गोंदाचा खरा फायदा इथे आहे. त्यातला द्रावक जोड मिटवण्याआधीच उडून गेलेला असतो.

पण स्प्रे बनवणाऱ्यापुढे एक पेच असतो, आणि तो समजला की डब्यांमधले फरक समजतात. डब्यात चार गोष्टी असतात: रबर, त्याला चिकटपणा देणारी राळ, दोन्ही पातळ करणारा द्रावक आणि बाहेर ढकलणारा वायू. पुष्कळ स्प्रे गोंदांतलं रबर एसबीएस जातीचं असतं, म्हणजे मधे ब्युटाडीन आणि दोन्ही टोकांना स्टायरीन. थोडक्यात, गोंदाचं रबर आणि आपली शीट एकाच गोत्रातली. त्या रबराला नीट विरघळवणारा द्रावक शीटलाही विरघळवू पाहणारच, आणि शीटला अजिबात हात न लावणारा द्रावक रबरालाही धड विरघळवत नाही. म्हणून कंपन्या मिश्रणं करतात: थोडा तीव्र, थोडा सौम्य, आणि तीव्र जो असेल तो इतक्या झटपट उडणारा की शीटवर पोचेपर्यंत त्यातला बराचसा हवेत गेलेला असावा. यावरून एक गोष्ट लक्षात यावी. डब्यावर बारीक अक्षरात ॲसिटोन लिहिलंय म्हणून तो डबा थर्माकोलला वर्ज्य असं ठरत नाही, आणि लिहिलेलं नाही म्हणून तो सुरक्षितही ठरत नाही. किती प्रमाणात आहे, किती लवकर उडतो आणि आपण किती अंतरावरून मारतो, यावर सगळं ठरतं.

दुकानात जाताना एक सावधगिरी. दुर्गदबैलला किंवा कोप्पीकर रस्त्याला विचारताना ‘फोमला चालतो का’ असं विचारू नका. आपल्याकडे फोम म्हणजे सोफ्याचा, गादीचा, गाडीच्या सीटचा स्पंज. तो पॉलियुरेथेनचा, आणि त्याला ॲसिटोन-टोल्युइनचं फारसं काही वाटत नाही. डब्यावरचा ‘फोम’ हा शब्दही बरेचदा त्याच स्पंजासाठी असतो. दुकानदार बिचारा खरंच सांगतो, ‘नडीतैत्री’, म्हणजे चालतंय हो, आणि घरी येऊन शीटला भोक पडतं. थर्माकोलचा तुकडा खिशात घेऊन जावा आणि तो दाखवून विचारावं. डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात पॉलिस्टायरीन किंवा ईपीएस, एक्सपीएस असा स्पष्ट उल्लेख असेल तर निम्मं काम झालं. थ्री-एमचा ७८ क्रमांकाचा स्प्रे खास पॉलिस्टायरीन शीटसाठीच केलेला आहे. हाताशी नसेल तर काम मोठं असल्यास मागवून घ्यावा. त्याच कंपनीचा ७७ क्रमांकाचा सगळ्या कामांचा म्हणून प्रसिद्ध आहे आणि कागद-पुठ्ठ्याला अप्रतिम, पण थर्माकोलवर तो आधी तपासल्याशिवाय मारू नये. लॅमिनेट आणि लाकडासाठीचे जाड, ‘हेवी ड्यूटी’ म्हणून विकले जाणारे स्प्रे बाजूला ठेवा. सुतार वापरतात तो डब्यातला पिवळसर रबरी गोंद, ज्याच्या वासाने डोकं चढतं, तोही नको.

आता चाचणी. हीच सगळ्यात महत्त्वाची आणि हीच सगळे गाळतात. ज्या शीटचं काम करायचं तिचाच तुकडा घ्यायचा, कपाटात पडलेला दुसरा नाही. त्यावर पेनने तीन चौकोन आखायचे. पहिल्यावर हलका, दुसऱ्यावर नेहमीसारखा आणि तिसऱ्यावर मुद्दाम जास्त, अगदी ओघळ येईल इतका गोंद मारायचा. दहा मिनिटांनी तिरप्या उजेडात तुकडा धरून बघायचा. दाण्यांमधल्या फटी रुंद झाल्यात का? पृष्ठभागावर चमक आलीय का? नख दाबलं तर न फवारलेल्या भागापेक्षा लवकर खचतं का? तिसऱ्या चौकोनात थोडी पडझड झाली आणि पहिले दोन शाबूत राहिले तर डबा वापरण्याजोगा आहे, हात तेवढा हलका ठेवावा लागेल. तिन्ही खचले तर डबा बाजूला.

एवढ्यावर थांबू नका. उघड्यावर सुरक्षित दिसणारा गोंद बंद जोडात दगा देऊ शकतो, कारण तिथे उरलासुरला द्रावक अडकतो आणि त्याला रात्रभर काम करायला सवड मिळते. म्हणून दोन तुकडे प्रत्यक्ष चिकटवून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी ओढून तोडायचे. तुटताना गोंदाच्या रेषेत न सुटता दाणे उपटून आले, दोन्ही बाजूंना पांढरी खरबरीत जखम दिसली, तर जोड शीटपेक्षा मजबूत झाला. गोंदाच्या जागी पोकळी आणि कडक काचेसारखा पापुद्रा सापडला तर द्रावकाने आतून शीट खाल्ली, बाहेरून काहीही दिसत नसलं तरी.

ही चाचणी कामाच्याच दिवशी करावी, आणि याला कारण आहे. पॉलिस्टायरीन आणि सायक्लोहेक्झेन ही रसायनशास्त्राच्या पुस्तकांतली एक गाजलेली जोडी. साधारण ३४-३५ अंश सेल्सियसच्या खाली सायक्लोहेक्झेन पॉलिस्टायरीनच्या लांब साखळ्यांना नीट सामावून घेत नाही, त्याच्या वर घेतो. सायक्लोहेक्झेन काही स्प्रे गोंदांत असतो. आता हुबळीचं हवामान डोळ्यांपुढे आणा. डिसेंबरच्या सकाळी जो डबा सज्जनासारखा वागला, तोच एप्रिलच्या दुपारी, पारा ३७-३८ वर असताना, शीटला चावायला लागला तर नवल नाही. उन्हाळ्यात आणखी एक अडचण: द्रावक इतका लवकर उडतो की मोठ्या शीटचं एक टोक फवारून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून गेलेलं असतं. तेव्हा ही कामं सकाळी लवकर उरकावीत.

धारवाडचा त्रास उलटा. जुलैमध्ये हवेत पाणी भरलेलं असतं. द्रावक उडताना उष्णता घेऊन जातो, गोंदाचा थर गार पडतो आणि त्यावर हवेतलं बाष्प दव धरल्यासारखं जमतं. गोंद पांढुरका, धुरकट दिसायला लागतो. वरून वाळल्यासारखा वाटतो, पण दोन थरांच्या मध्ये पाण्याची बारीक चादर राहिल्यामुळे एकमेकांना धरत नाही. असा थर दिसला तर दाबण्याची घाई नको. पंखा लावून तो पारदर्शक होईपर्यंत थांबायचं आणि मगच जोडायचं. तरीही शंका वाटली तर वर एक अगदी पातळ हात पुन्हा मारायचा. संततधार चालू असेल त्या दिवशी हे काम काढूच नये असं माझं मत आहे, प्रदर्शन दुसऱ्या दिवशी असेल तर गोष्ट वेगळी.

प्रत्यक्ष फवारणीत आधी सफाई. गरम तारेने, म्हणजे नायक्रोम तारेच्या कटरने, शीट कापली असेल तर कापलेली बाजू गुळगुळीत आणि चकचकीत होते, वितळून पापुद्रा धरते. तिच्यावर गोंदाची पकड कमी बसते, म्हणून बारीक पॉलिश पेपरचा एक हलका हात फिरवावा. सुटे दाणे स्थिर विजेमुळे शीटलाच चिकटून राहतात. किंचित ओलसर कापडाने पुसले तर जातात. थिनरने पुसण्याचा मोह कोणाला होईल असं वाटत नाही, पण तसं करणारे बघितले आहेत.

डबा चांगला मिनिटभर हलवावा. पहिला फवारा कधीही शीटवर नको, वर्तमानपत्रावर. त्यात ठिपके पडतायत की जाळी, हे बघून घ्यायचं. काही डब्यांतून धुक्यासारखा बारीक फवारा येतो, काहींतून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. थर्माकोलला जाळी सोयीची, कारण धाग्यांच्या मधली शीट कोरडी राहते आणि द्रावकाला बाहेर पडायला वाट मिळते. अंतर सुमारे वीस सेंटिमीटर, वीतभर म्हणा. याहून जवळ गेलं की गोंद ओला पोचतो आणि द्रावक शीटवर साचतो. फार लांब गेलं की गोंद हवेतच वाळून शीटवर नुसती धूळ बसते. हात सुरू होतो शीटच्या बाहेर आणि थांबतोही शीटच्या बाहेर. सुरुवातीला आणि शेवटी बटण दाबताना क्षणभर हात रेंगाळतो आणि तिथेच जास्त गोंद पडतो; शीटवर सर्वांत जास्त भोकं कडेलाच का पडतात, याचं उत्तर हे. एका शीटवर आडवे हात मारले तर दुसरीवर उभे मारावेत, म्हणजे एकीच्या रेषांमधली फट दुसरीच्या रेषांनी भरते. गोंद दोन्ही शीटना लावायचा. एकीलाच लावून चालेल असं डब्यावर लिहिलेलं असतं तेव्हा ते कागदासाठी असतं.

मग थांबायचं. इथे संयम सुटतो. फवारल्यावर लगेच दाबलं की गोंद ओला, द्रावक आत कोंडलेला, आणि मघाशी सांगितलेली पोकळी ठरलेली. किती थांबायचं हे घड्याळावर नाही, बोटावर ठरतं. बोटाची मागची बाजू, म्हणजे पेर, गोंदावर हलकेच टेकवून उचला. गोंद चिकटतो, किंचित ओढतोही, पण बोटाला लागून येत नाही, ती वेळ. थंडीत याला तीन-चार मिनिटं लागतात, उन्हाळ्यात एकच. या अवस्थेनंतर काही मिनिटांची मुदत असते. ती टळली की गोंद गोंदालाही धरत नाही आणि पुन्हा फवारावं लागतं.

अशा गोंदात शीट सरकवून जागेवर आणण्याची सोय नाही. टेकली तिथे बसली. म्हणून मोठ्या शीटसाठी जुनी युक्ती: खालच्या शीटवर, गोंद बोटाला न येण्याइतका झाल्यावर, बटर पेपरच्या दोन-तीन पट्ट्या आडव्या टाकायच्या. वरची शीट पट्ट्यांवर ठेवून नीट जुळवून घ्यायची आणि एका टोकापासून एकेक पट्टी काढत दाबत जायचं. मॉडेलसारख्या लहान कामात चारी कोपऱ्यांना टूथपिक टोचून खुणा केल्या तरी पुरतं. दाब मध्यापासून कडेकडे, लाटण्याने किंवा तळहाताने. वर पुस्तकांचा ढीग ठेवून रात्रभर दाबून ठेवण्याची गरज नसते. या गोंदाला दाब जोराचा लागतो, वेळेचा नाही. लाटणं मात्र शीट खचेल इतक्या जोराने फिरवू नका, नाहीतर तिच्यावर त्याचा वळ उमटतो.

पत्र्याच्या छताचा मुद्दा वेगळा आहे, कारण तिथे स्प्रे गोंदाकडून लोक नको ती अपेक्षा ठेवतात. थर्माकोल ऊन अडवतो यात शंका नाही. पन्नास मिलिमीटरची शीट उष्णता अडवण्याच्या बाबतीत सुमारे दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या बरोबरीची. पण उन्हाळ्यात पत्रा स्वतः साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो. स्प्रेमधलं रबर एवढ्या उष्णतेला मऊ पडतं आणि शीटच्या वजनाने हळूहळू ताणलं जातं. शीट फेब्रुवारीत घट्ट बसलेली असते, एप्रिलमध्ये एका कोपऱ्यातून लोंबते आणि मेमध्ये खाली येते. डब्याच्या माहितीत उष्णतेची मर्यादा दिलेली असते, ती बघावी. माझा सल्ला, पत्र्याखाली शीट गोंदावर टांगूच नये. ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवावी किंवा मोठ्या वॉशरच्या स्क्रूने धरावी. स्प्रे फक्त स्क्रू मारेपर्यंत हात मोकळे ठेवण्यापुरता. स्लॅबवर शीट टाकायची असेल तर दुसरी काळजी. गरम डांबर थर्माकोलला वितळवतं आणि पातळ केलेल्या डांबरातला द्रावक त्याला विरघळवतो. वॉटरप्रूफिंगवाल्याने डांबर काढलं की हे आधी विचारून घ्या. भिंतीवर, विटेवर, सिमेंटवर शीट लावायला सिमेंटमध्ये पॉलिमर मिसळलेले तयार मसाले किंवा पॉलियुरेथेनचा फसफसणारा गोंद जास्त भरवशाचे. दोन भागांचा इपॉक्सी थर्माकोलला काही करत नाही, पण मोठ्या क्षेत्रफळाला तो परवडत नाही. खांब, कमान, कळस असे ठिकठिकाणचे जोड त्याने करावेत. गरम गोंदाची पिस्तूल वापरायची तर कमी तापमानाची.

आगीबद्दल दोन वाक्यांत भागणार नाही. डब्यातला ढकलणारा वायू बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या गॅसचाच सोयरा, प्रोपेन-ब्युटेन, आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो. टेबलावर काम करताना खाली कोपऱ्यात तेवणारी समई, शेजारच्या खोलीतली गॅसची पेटती शेगडी, फ्रिजचा स्विच, यांतलं काहीही पुरेसं आहे. खिडक्या उघड्या, शक्य तर गच्चीवर किंवा पडवीत. थर्माकोल स्वतःही जळतो आणि जळताना काळाकुट्ट धूर सोडतो. ११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विमानतळावर वेल्डिंगच्या ठिणग्या छतातल्या पॉलिस्टायरीनच्या थरावर पडल्या आणि आगीत व धुरात सतरा माणसं गेली. गॅरेजमध्ये छताखाली शीट लावणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, कारण वेल्डिंग तर त्याच छताखाली रोज चालतं. आगरोधक प्रत मागावी आणि तीही उघडी न ठेवता खालून जिप्सम बोर्डने झाकावी.

तोंडाला कोरोनातला उरलेला एन-९५ मास्क लावून काम भागत नाही. तो धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी कोळशाचं काडतूस असलेला मास्क लागतो. एखाद्या मॉडेलपुरतं मोकळी हवा चालेल, पण जो रोज हे काम करतो त्याने तो घ्यावाच. सौम्य म्हणून वर ज्याचं नाव घेतलं त्या हेक्झेनचीही दुसरी बाजू आहे: जपानमध्ये १९६० च्या दशकात घरोघरी चपला चिकटवणाऱ्या कामगारांच्या हातापायांतली ताकद जायला लागली आणि शोध घेतल्यावर कारण निघालं गोंदातला हेक्झेन. शीटला सौम्य असणारा द्रावक माणसाच्या नसांनाही सौम्य असतो असं नाही.

फवारलेला गोंद फक्त शीटवरच बसत नाही. फरशीवर, खुर्चीच्या पायांवर, चष्म्याच्या काचेवर सगळीकडे एक चिकट लेप बसतो आणि दोन दिवसांनी त्यावर धूळ धरली की दिसतो. जुनी वर्तमानपत्रं आपल्याला वाटतात त्याच्या दुप्पट पसरावीत, किंवा तीन बाजू असलेल्या मोठ्या खोक्यात शीट ठेवून फवारावं. हाताला लागलेला गोंद खोबरेल तेलाने चोळून मग साबणाने जातो. शीटवर नको तिथे लागला तर पुसायला जाऊ नका; पूर्ण वाळू द्या आणि बोटाने चोळून गोळी करून उचला.

काम झाल्यावर डबा उलटा धरून बटण दाबावं. आतली नळी वायूत येते, दोन-तीन सेकंदांनी नुसता वायू सुटतो आणि तोंड साफ होतं. हे केलं नाही तर पुढच्या वेळी डबा अर्धा भरलेला असून तोंड बंद. पन्नास अंशांच्या वर तापेल अशा जागी तो ठेवू नये; एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीची डिकी अशाच जागांपैकी एक. रिकामा डबा भोसकू नये, जाळू नये, महापालिकेच्या घंटागाडीला सुक्या कचऱ्यात द्यावा आणि देताना तो स्प्रेचा डबा आहे असं तोंडाने सांगावं. थर्माकोलचे उरलेले तुकडे पोत्यात घट्ट बांधून द्यावेत, नाहीतर वाऱ्याने दाणे गटारात जातात. पुढच्या चाचण्यांसाठी त्यातले तळहाताएवढे चार-पाच तुकडे, कोणत्या शीटचे ते पेनने लिहून, डब्याशेजारीच ठेवले तर बरं.